कॅनडा गूसचा पार्का: टोरंटोचा एक हिवाळा, साताऱ्याचा एक पावसाळा आणि बँकेतल्या जुन्या खोडी

निकाल आधीच सांगून टाकतो. कॅनडा गूस या टोरंटोच्या कंपनीचा पार्का, म्हणजे टोपीवाला थंडीचा जाड कोट, उबदार आहे, शंभर टक्के. पण लाखाच्या घरात जाणारा कोट उबदार निघाला, यात कौतुक ते काय? माझी उभी हयात बँकेत लोकांची कर्जप्रकरणं तपासण्यात गेली. त्यामुळे कोट अंगावर चढला तेव्हा पहिला विचार आला तो कंपनीचाच. हिचा धंदा नक्की कशावर उभा आहे? उद्या समोर दुसऱ्या कुणी दुकान थाटलं, तर हिचं गिऱ्हाईक हलेल का?

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं हिवाळ्याच्या तोंडावर टोरंटोला गेलो. जावईबापूंनी स्वतःचा, एक हिवाळा वापरलेला पार्का माझ्या हवाली केला. मांडीपर्यंत लांब, काळा, दंडावर ते प्रसिद्ध गोल बिल्लं. असा कोट तिथं नवा घ्यायचा तर पंधराशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास पडतो, आणि ऑन्टारिओचा १३ टक्के कर वर. किंमत ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्यात आपल्याकडं दोन चांगल्या गाई येतील." त्या दराबाबत मी वाद घातला नाही.

आत डाऊन असतं, म्हणजे बदकाच्या पिसांखालची मऊ लव. ती हवा अडकवून धरते आणि ती अडकलेली हवाच ऊब देते. कंपनी कोटांना एक ते पाच असे ऊबेचे आकडे देते. चार म्हणजे उणे १५ ते उणे २५ अंशांसाठी, पाच म्हणजे उणे ३० आणि त्याखाली. माझा चारचा. ऑन्टारिओ सरोवरावरून येणारा वारा तोंडावर चाबकासारखा बसतो, पण छातीपाशी काही जाणवत नाही. टोपी खोल आहे, खिशांना आतून मऊ अस्तर आहे, चेन हातमोजे घालूनही ओढता येते. पंचाईत होते ती आत शिरल्यावर. रस्त्यावर उणे २०, मॉलमध्ये २२. त्या देशात निम्मा हिवाळा कोट काढण्यात आणि काखेत धरून हिंडण्यात जातो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

आता मुद्द्याचं. स्वतः जावईबापू त्या हिवाळ्यात साध्या साखळी दुकानातला, याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीतला कोट घालत होते. उणे १५ मध्ये आम्ही दोघं बरोबरीनं स्ट्रीटकारची, म्हणजे तिथल्या ट्रामची, वाट बघत उभे राहायचो. ते कधी कुडकुडले नाहीत. म्हणजे ऊब ही काही या कंपनीची मक्तेदारी नव्हे. लव बाजारात मिळते, शिलाई शिकता येते, कापड विणून घेता येतं.

गावी आल्यावर हेच शेजारच्या सुभेदारांनी एका वाक्यात सांगितलं. ते अपशिंग्याचे, सियाचीनला राहून आलेले. कोट हातात तोलून म्हणाले, "साहेब, माल चांगलाय. पण थंडीत एक जाड घालण्यापेक्षा तीन पातळ घाला, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवत्यात."

मग पैसे कशाचे? मी कंपनीची कुंडली काढली. १९५७ साली सॅम टिक यांनी टोरंटोत मेट्रो स्पोर्ट्सवेअर नावानं हा कारखाना काढला. त्यांचे जावई डेव्हिड रीस यांनी लव भरण्याचं यंत्र बनवलं. १९८० च्या दशकात अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो तळावरच्या शास्त्रज्ञांसाठी पार्का शिवला गेला. १९८२ मध्ये एव्हरेस्टवर गेलेला पहिला कॅनेडियन, लॉरी स्क्रेस्लेट, याच कंपनीचा कोट घालून गेला होता. पुढं बर्फात शूटिंग करणाऱ्या सिनेमावाल्यांच्या अंगावर हे कोट दिसू लागले, आणि जाहिरातीवर फारसा खर्च न करता नाव पसरलं. हे भांडवल विकत मिळत नाही. नव्या कंपनीला मॅकमर्डोचा १९८० च्या दशकातला फोटो आज कुठून आणता येणार?

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. २००१ मध्ये नातू डॅनी रीस प्रमुख झाले. आजूबाजूचे सगळे शिवणकाम आशियात हलवत होते आणि यांनी लवीचे कोट कॅनडातच शिवायचे ठरवलं. हिशेबनीस नाक मुरडतील असा निर्णय. पण थंडीचा कोट थंडीच्याच देशात शिवलेला, एवढ्या गोष्टीवर गिऱ्हाईक जास्तीचे पैसे आनंदानं मोजतं. २०१६ पासून त्यांनी स्वतःची दुकानं उघडली. काही दुकानांत चक्क थंड खोली असते, आत जाऊन कोट घालून बघायचा. आज निम्म्याहून बरीच जास्त विक्री थेट त्यांच्या दुकानांतून आणि संकेतस्थळावरून होते. मधला व्यापारी गेला की भाव पाडणारा हात गेला. शंभर रुपयांच्या विक्रीत माल बनवायचा खर्च वजा जाता सत्तरच्या आसपास रुपये उरतात. दुकानं, पगार, भाडी त्यानंतरची, तरी हा आकडा शिवणकामाचा नाही. हा बिल्ल्याचा आकडा आहे.

आणि बिल्लं दोन्ही बाजूंनी कापतं. २०१८ मध्ये इंग्लंडातल्या बर्कनहेडच्या एका शाळेनं असले महागडे कोट घालून यायला बंदी केली, गरीब पोरांना कमीपणा वाटतो म्हणून. २०१९ च्या सुरुवातीला शिकागोत माणसाला अडवून अंगावरचा कोट काढून नेल्याच्या बातम्या झाल्या. टोपीच्या कडेच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, कायोटीच्या, फरवरून प्राणिप्रेमींनी वर्षानुवर्षं रान उठवलं. शेवटी २०२१ मध्ये कंपनीनं फर बंद करत असल्याचं जाहीर केलं. नकली माल तर इतका, की २०११ पासून प्रत्येक कोटात होलोग्राम शिवतात. गेल्या डिसेंबरात साताऱ्यातल्या एका स्वेटरच्या स्टॉलवर मला अगदी तसंच गोल बिल्लं लावलेलं जाकीट दिसलं. भाव नऊशे, घासाघीस करून सातशे. विक्रेत्याला कॅनडाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण बिल्लं लावलं की जाकीट लवकर खपतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

कर्ज द्यायच्या नजरेनं पाहिलं तर दोन गोष्टी खटकतात. पहिली हंगामाची. हा धंदा आपल्या गुऱ्हाळासारखा: चार महिने धूर, मग चुलवाण थंड. बरीचशी कमाई ऑक्टोबर ते डिसेंबरात, आणि एप्रिल ते जूनची तिमाही सहसा तोट्यात. माल मात्र उन्हाळ्यातच शिवून ठेवायचा, म्हणजे पैसा गोदामात अडकतो. हिवाळा ऊबदार गेला की गोदाम भरलेलं राहतं, आणि स्वस्तात विकावं तर बिल्ल्याची पत जाते.

दुसरी गोष्ट मला कोट वापरूनच कळली. हा कोट फाटत नाही. जावईबापूंनी वापरला, मी वापरला, रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग सोडले तर कुठं उसवला नाही की झिजला नाही. वर कंपनी उत्पादनाच्या आयुष्यभराची हमी देते. गिऱ्हाइकाच्या बाजूनं सोनंच. पण दुसरा कोट कोण घेणार? इटलीच्या मोंक्लेरकडं बघा. १९५२ साली फ्रान्समधल्या ग्रनोबलजवळ तंबू आणि झोपायच्या पिशव्यांपासून सुरुवात झालेली कंपनी. २००३ मध्ये रेमो रुफिनी यांनी घेतली आणि थंडीच्या कोटाची फॅशन करून टाकली. तिथला कोट तीन वर्षांत जुनाट वाटतो, म्हणून गिऱ्हाईक परत येतं. नफ्याचं प्रमाणही कॅनडा गूसपेक्षा जास्त. कॅनडा गूसनं २०२४ मध्ये हैदर आकरमन यांना पहिले क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे डिझाइनचे प्रमुख, नेमलं, स्वेटर, बूट, पातळ जाकिटं काढली, ती याच रस्त्यानं जाण्यासाठी. मला धाकधूक एवढीच, की फॅशनच्या मागं लागताना मॅकमर्डोचा फोटो पुसट होईल.

बाजारालाही तशीच शंका असावी. २०१७ च्या मार्चमध्ये शेअर १७ कॅनेडियन डॉलरला आला, २०१८ च्या नोव्हेंबरात नव्वदच्या आसपास पोचला आणि २०२४ मध्ये १७ च्याही खाली उतरला. विक्री याच काळात कितीतरी वाढलेली. माझ्या टेबलावर हे प्रकरण आलं असतं तर हंगामी खेळतं भांडवल मी डोळे मिटून मंजूर केलं असतं. नव्या दुकानांसाठी मुदत कर्ज मागितलं असतं तर मात्र फाईल वरच्या साहेबांकडं सरकवली असती.

आता साताऱ्यात हा कोट वापरायचा म्हटलं तर. पहाटे गावाजवळच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत चालत जाताना निम्म्या चढातच घाम फुटतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठतं त्या पहाटे अर्धा तास बरा वाटला, सूर्य वर आला की काढून हातात. एरवी इथल्या थंडीला म्हसवडकडची घोंगडी पुष्कळ झाली.

खरी परीक्षा आपला पावसाळा घेतो. ओल धरली की लवीचे गोळे होतात आणि ऊब जाते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॉटखाली अजिबात ठेवू नका, दाबून तर नाहीच. मी जुन्या सुती चादरीचा खोळ शिवून घेतला, कोट रुंद हँगरवर लोखंडी कपाटात मोकळा टांगला आणि उघडीप मिळाली की माडीवर सावलीत वारा दिला. बुरशी आली नाही. मिठाचे डाग ओल्या फडक्यानं निघाले. धुवायला टाकावा म्हणून इथल्या एका लाँड्रीवाल्याकडं नेला, तर त्यानं आतली लव चाचपली, लेबल उलटंपालटं करून पाहिलं, किंमत विचारली आणि कोट घडी घालून माझ्या हातात परत दिला.