शैक्षणिक कर्ज, माझा जुना सिबिल आणि मुलीचे मामा: वापरानंतरचा अनुभव

या कर्जाबद्दल मी सुरुवातीला चारचौघांत फार चांगले बोलत होतो. आता तसे बोलवत नाही, कारण मुलीच्या मामांचे वाहनकर्ज आमच्या या कर्जामुळे अडले.

गोव्यातल्या डिचोलीच्या अनेक ट्रकमालकांची जी गत झाली तीच माझी झाली. 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या, ट्रकच्या कर्जाचे हप्ते थकले आणि शेवटी तडजोडीने कर्ज मिटवले. सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, मात्र ते 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलेले) असेच राहिले. त्यामुळे मुलीला बेळगावच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा बँकेने माझे नाव बाजूला सारून पगारदार नातेवाईक सहकर्जदार म्हणून मागितला. विद्यार्थ्याच्या कमी सिबिलवरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असा केरळ उच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल मी शाखेत सांगून पाहिला. साहेबांनी तो शांतपणे ऐकला आणि मामांची पगारपत्रके आणायला सांगितली.

कर्जाला नावे ठेवायला फारशी जागा नाही. रक्कम साडेसात लाखांच्या आत असल्याने तारण लागले नाही, शुल्क थेट महाविद्यालयाकडे जाते, आणि शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसून तोवर सरळ व्याज चढते.

माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे: सहकर्जदाराला एसएमएस जात नाही. अर्जावर मामांचा क्रमांक दोन ठिकाणी लिहून घेतला होता, तरी प्रत्येक संदेश फक्त मुलीला येतो. सवलतीच्या काळात चढलेले व्याज बँकेने थकबाकी म्हणून कळवले आणि मामांच्या अहवालात, जिथे दर महिन्याच्या चौकटीत '000' (थकबाकीचे दिवस शून्य) असायचे, तिथे '030' (तीस दिवस थकीत) उमटले. हे त्यांना कळले ते मोटार विकणाऱ्याच्या टेबलावर. सहकर्जदार हा नुसता साक्षीदार नसून कर्ज त्याच्याही डोक्यावर असते. मग त्याला महिन्याला एक संदेश पाठवायला बँकेचे काय जाते?

शाखेत 'सिस्टीममध्ये तसेच येते' एवढेच उत्तर मिळाले. मग लेखी तक्रार दिली आणि तिच्यात रिझर्व्ह बँकेचा नियम घातला: पतमाहितीची तक्रार 30 दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. त्यानंतर मात्र नोंद मुदतीच्या आतच दुरुस्त झाली, त्यामुळे बँकेविषयीचे मत मला थोडे सुधारावे लागले.

सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. सहकर्जदाराने तो वेगवेगळ्या महिन्यांत मागवावा, म्हणजे वर्षभर लक्ष राहते आणि पैसाही लागत नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजनाही आहे. तिच्या अटींत बसत असाल तर आधी तिथे चौकशी करावी.

मामांचे वाहनकर्ज मंजूर झाले. एसएमएसचा अर्ज अजून 'प्रक्रियेत' आहे, म्हणून पाचपैकी तीनच तारे.