टेली-मानस १४४१६ : मुलीच्या न जेवण्यासाठी केलेले फोन

बारावीतल्या माझ्या मुलीच्या खाण्याची काळजी वाटू लागल्यावर गेल्या जूनमध्ये मी केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेला फोन केला. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क लागतो आणि भाषा निवडता येत असल्यामुळे सगळे बोलणे मराठीत झाले. खाण्याच्या विकारात ती कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

फोन करायला मला उशीर झाला, आणि त्याचे कारण आमच्याच घरात होते. आधीच्या श्रावणात मुलीने सोमवार धरले, मग संकष्टी, मग गुरुवार. सासूबाईंना कौतुक वाटले आणि खरे सांगायचे तर मलाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडीसुद्धा ती खात नाही, हे फार पुढे लक्षात आले. पोळीचे नखाएवढे तुकडे करून ती ताटभर पसरायची, घरच्यांसाठी मन लावून शिरा करायची पण स्वतः चमचाभरही घ्यायची नाही, आणि जेवण होताच न्हाणीघरातला नळ मोठा सुटायचा. मे महिन्यात ती स्वेटर घालून बसू लागली, पाळी तीन महिने आली नाही, तरी लग्नात भेटणाऱ्या बायका ‘किती छान बारीक झालीस’ असेच म्हणत होत्या. एका डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. वजन घटवण्याच्या एका केंद्रातल्या बाईंनी तर ‘आता हेच टिकवायचे’ म्हणून आहाराचा तक्ता हातात ठेवला. (वजनाचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, ते वाचून स्वतःशी तुलना करणारी मुले असतात.)

फोनवरच्या समुपदेशक ताईंनी वजन विचारलेच नाही. मुलीला घेरी येते का, छातीत धडधडते का, जीव नकोसा झाल्याचे ती बोलते का, हे त्यांनी आधी विचारले आणि मग जेवल्यावर ती मुद्दाम उलटी काढते का, असे शांतपणे विचारले. तेव्हा कुठे मला त्या नळाचा अर्थ लागला. पुढे वाचनात आले की ब्रिटनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेली ‘स्कॉफ’ नावाची पाच प्रश्नांची चाचणी आहे, तिचा पहिला प्रश्न हाच आहे आणि दोन प्रश्नांना होकार आला तरी तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, असे मानतात.

ताईंच्या दोन सूचना मला सर्वांत मोलाच्या वाटतात. ताटावरची भांडणे त्या दिवसापासून बंद करायची, ही पहिली. दुसरी मला अजिबात ठाऊक नव्हती : बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचा. मी तर त्याच संध्याकाळी तूप-भाताचा बेत ठरवून बसले होते.

फोनवरून नाडी पाहता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्यामुळे दुसऱ्या फोनवर मनोविकारतज्ज्ञांशी बोलणे झाल्यावर आम्ही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. तिथे तीन तास रांगेत बसावे लागले, पण ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी त्याच दिवशी झाली, आणि मुलीला काट्याकडे पाठ करून उभे केले, जेणेकरून आकडा तिला दिसू नये. दातांची झीज पाहून दंतवैद्यांकडेही पाठवले. सध्या दर पंधरवड्याला मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ तिला एकत्रच पाहतात.

मूल तयार नसेल, तरी पालकांनी फोन केलेला चालतो, हे मी ओळखीच्या आयांना आवर्जून सांगते. तिसरा फोन मुलीने स्वतः केला, दार लावून, चाळीस मिनिटे. काय बोलली, ते मी विचारलेले नाही.