डॉक्सिजन: परका कोड वाचायला उत्तम, शोधायला लंगडं

मुक्त स्रोत लायब्ररी उतरवून घेतली की रीडमीत इन्स्टॉल कसं करायचं एवढंच सापडतं. आत काय चाललंय ते ज्याचं त्याने शोधावं. दिमित्री व्हान हेश यांनी १९९७ साली आणलेलं डॉक्सिजन कमेंटमधून डॉक्युमेंटेशन काढणारं साधन म्हणून ओळखलं जातं. ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) आणि एलएलव्हीएम (कंपाइलर बनवायची साधनं) यांची संदर्भपानं त्यातूनच तयार होतात. आमच्या मते मात्र त्याचा खरा कस लागतो तो जिथे कमेंटच नाहीत असा सी किंवा सी++ कोड वाचताना. गोम एवढीच, की मूळ सेटिंग त्या कामासाठी लावलेल्या नसतात.

‘डॉक्सिजन -जी’ म्हटलं की डॉक्सीफाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, तयार होते: दोन हजारांहून जास्त ओळी, त्यातल्या बहुतेक कमेंट. ती वाचत बसू नका. तशीच चालवली तर जवळपास कोरी पानं हाती येतात, आणि बरेचजण इथेच साधनाला नावं ठेवून निघून जातात. कारण ‘रिकर्सिव्ह’ मुळात ‘नो’ असतं, म्हणजे सगळ्यात वरचा फोल्डर तेवढा वाचला जातो. कोड तर असतो आतल्या फोल्डरमध्ये. शिवाय /**, /*!, /// किंवा //! ने सुरू होणाऱ्या कमेंटच धरल्या जातात, साधी // कमेंट डॉक्सिजनच्या लेखी नसल्यासारखीच. तेव्हा ‘रिकर्सिव्ह’, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, ‘एक्स्ट्रॅक्ट स्टॅटिक’, ‘सोर्स ब्राउझर’, ‘रेफरन्स्ड बाय रिलेशन’ आणि ‘रेफरन्सेस रिलेशन’ हे सगळे ‘येस’ करा. निव्वळ सीचा कोड असेल तर ‘ऑप्टिमाइज आउटपुट फॉर सी’ही. ‘जनरेट लाटेक’ ‘नो’ करा, नाहीतर कुणीही न मागितलेला एक जाडजूड फोल्डर तयार होतो. बाहेरून आणलेला कोड आणि बिल्डचा फोल्डर ‘एक्सक्लूड पॅटर्न्स’मध्ये टाका. आता प्रत्येक फंक्शनखाली ते कुणाला हाक मारतं आणि त्याला कोण हाक मारतं, याची दुवे असलेली यादी मिळते. यासाठी लायब्ररी बिल्ड व्हावी लागत नाही, हे मोठं सुख.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मॅक्रोंमुळे, म्हणजे कंपाइल होण्याआधी प्रीप्रोसेसर ज्यांच्या जागी दुसरा मजकूर घालतो त्या नावांमुळे. एक्स्पोर्टचा मॅक्रो रिटर्न टाइपला चिकटून बसतो. शेवटी अर्धविराम नसलेला मॅक्रो पुढच्या डिक्लरेशनमध्ये मिसळतो. आणि मॅक्रोतून जन्मणारी फंक्शन्स तर दिसतच नाहीत. नुसतं ‘मॅक्रो एक्स्पान्शन’ चालू करणं हा चुकीचा इलाज आहे, कारण मग झाडून सगळे मॅक्रो उलगडतात आणि फंक्शनची सही (नाव, पॅरामीटर आणि रिटर्न टाइप) ओळखू येत नाही. त्याच्या जोडीला ‘एक्स्पांड ओन्ली प्रीडिफ’ लावा. नकोसे मॅक्रो ‘प्रीडिफाइन्ड’मध्ये नाव आणि पुढे नुसतं बरोबरचं चिन्ह असे लिहा, म्हणजे ते रिकामे होऊन गळून पडतात. फंक्शन तयार करणाऱ्या मॅक्रोंची नावं ‘एक्स्पांड अ‍ॅज डिफाइन्ड’मध्ये द्या, त्यांची व्याख्या डॉक्सिजन कोडमधूनच उचलतं.

याहून फसवा प्रकार ‘इफडेफ’चा, म्हणजे अमुक मॅक्रो ठरवलेला असेल तरच कोडचा तुकडा धरणाऱ्या अटीचा. बिल्डच्या वेळी तयार होणारं कॉन्फिग हेडर नुकत्याच उतरवलेल्या कोडमध्ये नसतं. मग त्यावर अवलंबून असलेले तुकडे डॉक्सिजन गुपचूप वगळतं, वॉर्निंगही देत नाही. एखादं फंक्शन फाइलमध्ये दिसतंय पण पानांत नाही, असं झालं तर आधी इथे बघा. तो मॅक्रो ‘प्रीडिफाइन्ड’मध्ये घातला की काम होतं. प्रीप्रोसेसरनंतर नक्की काय उरलं हे ‘-डी प्रीप्रोसेसर’ पर्यायाने छापून मिळतं.

कॉल ग्राफ, म्हणजे कोणतं फंक्शन कुणाला हाक मारतं याची चित्रं, देखणे असतात, पण बेताने घ्या. त्यासाठी ग्राफविझ हे आलेख काढणारं साधन हवं आणि ‘हॅव डॉट’ चालू हवं. प्रत्येक फंक्शनचं चित्र काढायला लावलं की वेळ बेसुमार वाढतो. त्यापेक्षा मोजक्या फंक्शनांच्या कमेंटमध्ये ‘\कॉलग्राफ’ लिहिलेलं बरं. एका चित्रात मुळात ५० नोड्सची (चौकटींची) मर्यादा आहे. लाल कडेची चौकट दिसली तर पुढचा भाग छाटला गेलाय असं समजा. फंक्शन पॉइंटरमधून (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधून) गेलेली हाक चित्रात येत नाही. सीमधली प्लगइन पद्धतीची रचना अशाच पॉइंटरवर चालते, त्यामुळे तिथे हा नकाशा अर्धवटच राहतो.

शोधाच्या बाबतीत मात्र डॉक्सिजन निराश करतं. पानावरची शोधपेटी ब्राउझरमध्येच चालते, इंटरनेट लागत नाही, हे ठीक. पण ती फक्त नावं शोधते: फंक्शन, क्लास, फाइल, व्हेरिएबल. वर्णनातला शब्द किंवा एररचा मजकूर तिला सापडत नाही. पूर्ण मजकुरासाठी सर्व्हरवरचा शोध आहे, त्यात झापियन या शोध-लायब्ररीवर चालणारा डॉक्सीइंडेक्सरही येतो. एकट्या वाचकाला तो खटाटोप परवडत नाही. रिपग्रेप या फाइलींतला मजकूर शोधणाऱ्या साधनाने शोधावं आणि सापडलेलं फंक्शन डॉक्सिजनच्या पानावर उघडावं, ही जोडी जास्त कामाची. रस्ट भाषेच्या रस्टडॉक या डॉक्युमेंटेशन साधनात फंक्शनच्या टाइपवरूनही शोधता येतं. ते पाहिलेल्याला इथली शोधपेटी मागच्या पिढीतली वाटेल.

स्वतःच्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन करणाऱ्यांसाठी दोन सापळे. सीमधल्या ग्लोबल फंक्शनवर कितीही नीट कमेंट लिहा, फाइलच्या माथ्यावर ‘\फाइल’ची कमेंट नसेल तर ती पानांत येत नाही. आणि ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ चालू असेल तर कमेंट नसल्याच्या वॉर्निंग आपोआप बंद होतात. सगळं हिरवं दिसतं आणि अर्धी लायब्ररी उघडी पडलेली असते. म्हणून डॉक्सीफाइल दोन ठेवा, वाचायची वेगळी आणि तपासणीची वेगळी. समान भाग तिसऱ्या फाइलमध्ये ठेवून ‘@इन्क्लूड’ने ओढता येतो. तपासणीच्या फाइलमध्ये ‘वॉर्न अ‍ॅज एरर’ला ‘येस’ देऊ नका, पहिल्याच चुकीला गाडी थांबते. ‘फेल ऑन वॉर्निंग्ज’ दिलं तर सगळ्या चुका दाखवून मग बिल्ड पाडतं.

पायथनसाठी आम्ही सुचवणार नाही. तिथल्या डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली वर्णनं) मुळात जशाच्या तशा छापल्या जातात, आत लिहिलेल्या डॉक्सिजनच्या खास आज्ञा चालत नाहीत. पायथनमध्ये गुंडाळलेली सी++ लायब्ररी असेल तर डॉक्सिजनकडून एक्सएमएल घ्यावं आणि ब्रीद या जोडणीमार्फत स्फिंक्स या पायथनमधल्या डॉक्युमेंटेशन साधनाला द्यावं. पानांवरच्या ठरीव मथळ्यांसाठी हिंदी मिळते, मराठी नाही. कमेंट मात्र मराठीत लिहिल्या तरी यूटीएफ-८मुळे नीट उमटतात.

नवी आवृत्ती घातली की जुन्या डॉक्सीफाइलवर ‘डॉक्सिजन -यू’ चालवा, कालबाह्य पर्याय निघून जातात. आणि कुणा दुसऱ्याची डॉक्सीफाइल हाती आली तर ‘डॉक्सिजन -एक्स’: मूळ सेटिंगपेक्षा वेगळ्या असलेल्या ओळीच तेवढ्या समोर येतात.