दोरीच्या टेलिफोनचं किट: दोरा बदलला तेव्हा कुठे आवाज आला

लेकीला सुट्टीत काहीतरी करायला हवं म्हणून दोरीच्या टेलिफोनचं किट घेतलं, 180 रुपये. आत दोन जाड प्लॅस्टिकचे कप आणि लोकरीसारखा मऊ दोरा, बस. ती गॅलरीत, मी किचनमध्ये, आणि मला ऐकू येतंय नुसतं घूं घूं. "सहा" म्हणाली तर मला "हा" ऐकू आलं. पोर इतकी हिरमुसली की मलाच कसंतरी झालं.

आमचा काडेपेटीचा फोन मस्त चालायचा, मग हा का नाही? आपण बोललो की कपाचं बूड थरथरतं, ते दोऱ्याला पुढेमागे ओढतं आणि ती थरथर दोऱ्यातून पळत जाऊन पलीकडचं बूड हलवते. हवेत आवाज चहूकडे पसरून विरतो, दोऱ्यात तो दोऱ्यातच राहतो म्हणून लांब टिकतो. पण लोकर ताणली की नुसती लांबते, थरथर तिच्यातच मुरते आणि स, श असले बारीक आवाज सगळ्यात आधी जातात. त्यात बूड एवढं जाड की ते हलणार तरी काय.

मग मासे पकडायचा तंगूस आणला, चहाचे कागदी कप घेतले, बुडाला सुईने भोक आणि आत गाठीला काडेपेटीच्या काडीचा तुकडा बांधला म्हणजे ओढलं तरी निसटत नाही. जिन्यापासून गॅलरीपर्यंत 12 मीटर, तंगूस ताठ, आणि तिची कुजबूज अगदी कानात आल्यासारखी स्पष्ट!! मी मध्येच तंगूस चिमटीत धरला तर बोटांना गुदगुल्या झाल्या आणि तिकडे आवाज बंद. दाराच्या चौकटीला घासला तरी तेच, मग कोपऱ्यावर दोऱ्याचा एक फास टांगून त्यातून तंगूस वळवला, आवाज थोडा कमी झाला पण चालला. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1665 मध्येच लिहून ठेवलंय की ताणलेल्या तारेतून आवाज लांब जातो आणि तार कोनांत वाकवली तरी जातो, हे लेकीला सांगितलं तर तिने लगेच अजून एक कोपरा जोडायला घेतला.

किटला 5 पैकी 2 स्टार, तेही कल्पनेसाठी. बनवणाऱ्यांनी मऊ दोऱ्याऐवजी 15 मीटर तंगूस आणि पातळ बुडाचे कप द्यावेत, आणि "दोरा ताठ धरा, कुठे टेकू देऊ नका" एवढं मराठीत छापावं, त्याशिवाय लहान मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. घेतलं असेल तर परत करू नका, दोरा तेवढा बदला.