ओ-रिंग चेन, सात महिन्यांनंतर: आणि मधला तो ‘टक्’

मोटरसायकलला ही चेन ऑक्टोबरअखेर बसवली, आता मे संपत आलाय. ८,४०० किलोमीटर झाले. रोज कोरेगावहून साताऱ्याच्या एमआयडीसीत ड्युटी, आणि महिन्यातून एक-दोनदा घरच्यांना मागं बसवून यवतेश्वरचा घाट. गाडी १५० सीसी, सात वर्षं जुनी, ५२ हजार पळालेली. पुढचं स्पॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) १४ दातांचं, मागचं ४२, चेन ४२८ मापाची, १२० कड्यांची. आधीच्या साध्या चेन चौदा हजारांच्या आसपास लांबून बसायच्या, म्हणून यावेळी जवळपास दुप्पट पैसे घालून ओ-रिंगवाली घेतली.

पहिले अडीच महिने नाव ठेवायला जागा नव्हती. या चेनला प्रत्येक पिनेभोवती कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं आणि दोन पट्ट्यांमधल्या रबरी रिंगा ते बाहेर पडू देत नाहीत. त्यामुळे टाईट करायला तेवढ्या काळात एकदाच पाना लावला. सुरुवातीला चेनकव्हरला घासत होती, कारण ती साध्या चेनपेक्षा थोडी रुंद. पत्रा जरा वाकवला, विषय संपला.

जानेवारीत आवाज सुरू झाला. उसाचा सीझन, माहुलीच्या पुलाअलीकडं ट्रॉलीमागं अडकलो की रांगतच जावं लागतं. ॲक्सिलेटर सोडून परत दिला की खालून ‘टक्’. कानाआधी फूटरेस्टवरच्या पायाला कळायचा. घाटात तिसऱ्या गिअरात गाडी दमली की टक्-टक्-टक्, सलग.

नवीन काय बसवलंय? चेन. मग दोष चेनचाच. एका गॅरेजमध्ये ‘कडी जाम झालीय, सेट बदला’ (म्हणजे चेन आणि दोन्ही स्पॉकेट) म्हणाले. दुसऱ्या मिस्त्रीनं दोन मिनिटं रेस करून क्लचबेलवर (क्लचच्या प्लेटा ज्यात बसतात ते भांडं) बोट ठेवलं, इंजिन खोलावं लागेल, साडेचार हजार धरा. मी एक स्टार द्यायच्या बेतात होतो.

शेजारचे तात्या एसटीच्या डेपोत फिटर होते. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, “आरं, आधी बघ आवाज कुणाबरोबर फिरतोय. इंजिनाबरोबर, चाकाबरोबर, का ओढीबरोबर? ते कळल्याबिगर पाना उचलू नको.”

उभ्या गाडीवर न्यूट्रलमध्ये रेस केली, आवाज नाही. क्लच दाबला-सोडला, तरी नाही. क्लचबेलचे स्प्रिंग ढिले झाले तर उभ्या गाडीवरही खडखड येते आणि क्लच दाबला की ती बदलते, असं तात्यांचं म्हणणं. साडेचार हजार तिथंच वाचले.

मग चेनची पाळी. हे गणित मला फार आवडलं म्हणून सविस्तर देतो. चाकाचा एक फेरा म्हणजे चेनच्या ४२ कड्या. १२० कड्यांची चेन पूर्ण फिरायला चाकाचे जवळपास तीन फेरे लागतात. माझा टायर एका फेऱ्यात १.९ मीटर जातो, म्हणजे जाम कडीचा आवाज दर साडेपाच मीटरला एकदा यायला हवा. बेअरिंगचा किंवा ब्रेकचा असेल तर चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला असणार. एका कडीला पोरीचं लाल नेलपॉलिश लावलं, टायरवर खडूची रेघ मारली आणि न्यूट्रलमध्ये गाडी अंगणातून गेटपर्यंत हातानं ढकलत नेली, बारा मीटर. लाल कडी दोनदा फिरून आली, खडू सहा वेळा. टक् एकदाही नाही. पुढं उतारावर क्लच दाबून गाडी सोडली, तरी नाही. म्हणजे आवाज ओढीबरोबरचा, इंजिन चाकाला ओढतं तेव्हाच येणारा.

राहिली शेवटची गोष्ट. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, पहिला गिअर. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं हलवायचं. थोडा खेळ गिअरचा आणि चेनच्या ढिलाईचा असतोच, म्हणून चाकाकडं बघायचं नाही, स्पॉकेटकडं बघायचं. माझं चाक टायरपाशी दोन बोटं हललं, टक् वाजला, आणि स्पॉकेट जागच्या जागी! चाक आणि स्पॉकेट यांच्यामध्ये असतात ते हबातले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, रबर. इंजिनाचा धक्का चेनमधून चाकाला जाताना तेच पितात.

चाक काढलं तर स्पॉकेट ज्यावर बसतं तो ड्रम हातातच आला. एरवी तो ओढून काढावा लागतो. चारपैकी एक रबर मधोमध फाटलेला, बाकीचे चेपलेले, धारा गेलेले, आणि हबात काळी भुकटी. ५२ हजारांत एकदाही बदललेले नव्हते. सेट बदलला तेव्हा चाक काढलेलंच होतं, पण कुणी आत डोकावलं नाही. मीही नाही. ज्यानं चेन बसवली त्यानं ती नको तितकी ताणलीही होती, त्यानं आणखी भर पडली असेल. बाकी वरच्या गिअरमध्ये घाट रेटायची माझी खोड तर आहेच.

नवे रबर २८० रुपयांना. मिळेपर्यंत चार दिवस सायकलच्या ट्यूबचे तुकडे खोचून चालवली. गावाकडचा हा जुगाड चालतो, पण चारच दिवस. नवे घातल्यापासून घाट शांत.

तर आता खऱ्या चेनबद्दल. २० कड्यांचं माप नवीन असताना २५४ मिलिमीटर, गेल्या रविवारी जेमतेम २५५ भरलं. दोन टक्के लांबली की, म्हणजे २५९ ला, काढायची. त्या मानानं लांब पल्ला आहे. ढिलाई (चेन मधोमध वरखाली हलते ती) २५ ते ३० मिलिमीटर ठेवतो, आणि चाक फिरवत जिथं सगळ्यात टाईट लागेल तिथं मोजतो. धुवायला रॉकेल वापरतो, पेट्रोल अजिबात नाही, रिंगा फुगतात. तक्रार एकच: जोड रिव्हेटचा आहे, साध्या चेनसारखी क्लिप काढून रस्त्यात सोडता येत नाही. ॲव्हरेजमध्ये फरक मला तरी जाणवला नाही.

चार स्टार. पाचवा पावसाळ्यानंतर. कासच्या बाजूचा पाऊस आणि लाल चिखल या चेननं अजून बघितलेला नाही.