‘लव्ह अँड डान्सिंग’: गाण्यातून गायक वजा केल्यावर

जुलै 1982 मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सने ‘लव्ह अँड डान्सिंग’ हा अल्बम बाजारात आणला, तेव्हा त्यावर कलाकार म्हणून ‘द लीग अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा’ असे नाव छापलेले होते. असा कोणताही वाद्यवृंद अस्तित्वात नव्हता. अमेरिकी गायक बॅरी व्हाइट यांच्या ‘लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा’ला केलेला तो खेळकर सलाम होता, आणि त्या नावाआड होते इंग्लंडमधील शेफील्डचा पॉप गट ह्यूमन लीग आणि त्यांचे निर्माते मार्टिन रशेंट. ऑक्टोबर 1981 मध्ये आलेल्या ‘डेअर’ या अल्बममधील बहुतेक गाणी रशेंट यांनी पुन्हा मिक्सिंग डेस्कवर, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज कमीजास्त करून एकत्र करण्याच्या यंत्रावर, घेतली, गायकांचे आवाज जवळजवळ सगळे काढून टाकले आणि उरलेल्या ऐवजातून सुमारे 35 मिनिटांचे नृत्यसंगीत उभे केले. खपलेला माल वेष्टन बदलून पुन्हा विकण्याचाच हा प्रकार असावा, अशी शंका कोणालाही येईल. ऐकायला बसल्यावर ती टिकत नाही. निदान पहिल्या तीन गाण्यांपुरती तरी नाहीच.

मुद्रित गाण्यातून आवाज काढून त्याचे असे नवे रूप घडवण्याला ‘डब’ म्हणतात, आणि त्याची मूळ रीत जमैकाची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किंग्स्टनमध्ये किंग टबी यांनी ध्वनिमुद्रित रेगे गाण्यांतून आवाज बाजूला सारून बेस आणि ड्रम पुढे आणले आणि गाण्याचा एखादाच शब्द प्रतिध्वनीत सोडून देण्याची पद्धत रुजवली. मिक्सिंग डेस्कवर बसलेला तंत्रज्ञ त्या पद्धतीत स्वतःच वादक होतो. मात्र तिथे कारागिरी बरीचशी त्या क्षणाची असते: टेप चालू असताना हात डेस्कवर फिरतात आणि जे साधेल ते साधेल. रशेंट यांचा मार्ग निराळा आहे. हिप-हॉप डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी तबकड्यांवर केलेली जोडाजोड त्यांनी ऐकली होती, आणि तसा परिणाम त्यांना टेपवर घडवायचा होता. त्यामुळे या अल्बममध्ये प्रतिध्वनी आहे, पण सूत्रधार आहे तो टेप कापणारा ब्लेड.

हे काम किती चिकाटीचे होते, हे हिशेब मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. स्टुडिओतील टेप सेकंदाला 30 इंच या वेगाने फिरत असेल आणि गाण्याची लय मिनिटाला 120 मात्रांची असेल, तर एक मात्रा म्हणजे 15 इंच टेप आणि पाव मात्रा म्हणजे पावणेचार इंच. गाणारा एखाद्या अक्षरावर अडखळल्यासारखा वाटावा, यासाठी त्या अक्षराच्या तेवढ्याच टेपच्या अनेक प्रती काढायच्या, प्रत्येक तुकडा पट्टीने मोजून कापायचा आणि चिकटपट्टीने एकापुढे एक जोडत जायचे. आज संगणकावर चुटकीसरशी होणारी ही गोष्ट तेव्हा हातांनी करावी लागे, आणि अशा जोडण्या 2,600 च्या वर गेल्या असाव्यात, असा रशेंट यांचाच अंदाज होता. ‘डेअर’ जिथे घडला, त्याच बर्कशायरमधील त्यांच्या जेनेटिक स्टुडिओमध्ये हे कापाकापीचे कामही झाले.

ही कापाकापी कानाला खटकत नाही, याचे बरेचसे श्रेय मूळ अल्बमच्या यंत्रांना द्यावे लागेल. ‘डेअर’चा ठेका रॉजर लिन यांच्या एलएम-1 या ड्रम मशीनचा आहे. 1980 साली आलेल्या या यंत्रात खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने होते आणि प्रत्येक ड्रमचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर काढता येत असे. मात्र त्यात क्रॅश किंवा राइड झांज नव्हती, कारण लांब घुमणारा आवाज साठवण्याइतकी स्मृती तेव्हा परवडणारी नव्हती. माझ्या मते ही उणीवच इथे कामाला आली आहे: झांजेची लांबलचक आस टेपवर पसरलेली असती तर प्रत्येक कापावर ती तुटताना ऐकू आली असती, इथे मात्र दोन ठोक्यांमध्ये स्वच्छ मोकळी जागा आहे. शिवाय सगळे यंत्राच्या काटेकोर लयीत बांधलेले असल्याने गाण्याच्या शेवटचा तुकडा सुरुवातीला आणून जोडला तरी तो समेवर अचूक बसतो.

‘हार्ड टाइम्स’ हे पहिले गाणे ‘डेअर’वर नव्हतेच, ‘लव्ह ॲक्शन’च्या सिंगलची ती दुसरी बाजू होती. इथे ते ‘लव्ह ॲक्शन’मध्ये विरघळत जाते आणि एक गाणे संपून दुसरे कधी सुरू झाले, हे लक्षात येईपर्यंत ठेका पुढे निघून गेलेला असतो. नृत्यसंगीतात सांधा असाच बेमालूम हवा. ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ची गोष्ट अधिक अवघड आहे. मूळ गाणे 1981 च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि त्याचा सगळा जीव एका पुरुषाच्या व एका स्त्रीच्या वादात आहे. तो वादच काढून टाकल्यावर काय उरणार, असे वाटते. पण उरते ती सिंथेसायझरची करडी, काहीशी धमकावणारी धून, आणि भांडणातला राग शब्दांइतकाच तिच्यातही होता, हे प्रथमच ऐकू येते. सात मिनिटे ही लांबी मला जरा जास्त वाटली, तरी अल्बममधील सर्वांत धाडसी काम हेच आहे.

‘डू ऑर डाय’ मूळ अल्बमवर मला मागे पडलेले वाटायचे; आवाज हटल्याने त्याचा लाभ झाला आहे. ‘सेकंड्स’चे मात्र नुकसानच झाले. ते गाणे केनेडी यांच्या हत्येविषयी आहे, आणि शब्द गेल्यावर त्यातला काळोखही जातो. राहतो तो नीटनेटका ठेका. शेवटची तीनही गाणी आखूड आहेत आणि घाईने उरकल्यासारखी वाटतात. दुसरी तक्रार बेसची. सिंथेसायझरचा बेस चपळ आहे, पण जमैकाच्या डबमध्ये छातीवर येणारे जे वजन असते ते यात नाही. रेगेच्या वाटेने डबकडे आलेल्या श्रोत्याला हे संगीत कोरडे वाटण्याची शक्यता आहे.

2002 साली ‘डेअर’ आणि ‘लव्ह अँड डान्सिंग’ एकाच सीडीवर आले, आणि विकत घ्यायचे झाल्यास तीच प्रत शोधावी, असे मी सुचवेन. मूळ गाणी कानात बसलेली नसतील तर काय काढून टाकले आहे हेच कळणार नाही, आणि मग ही नुसती चांगली पार्श्वधून ठरेल. गायक फिलिप ओकी यांचा भारदस्त आवाज हाच ज्यांना ह्यूमन लीगचा प्राण वाटतो, त्यांनी ‘डेअर’वरच थांबावे.