लेकीला 'पुस्तक आणि सिनेमा' वर्गाला घातलं होतं, त्याबद्दल

ठाण्यात आमच्या घराजवळच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांसाठी हा वर्ग होता. चार रविवार, दहा ते एक, फी 1800 रुपये. पुस्तक वाचायचं, त्यावरचा सिनेमा बघायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बोलायचं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकूर आहे. लेक नववीत, आणि पालकांना मागच्या बाकावर बसू देत होते म्हणून मीपण चारही रविवार बसले, घरचे म्हणाले तुझी परीक्षा आहे का.

पहिला रविवार चक्क वाया गेला. साने गुरुजींचं 'श्यामची आई' घेतलं होतं, मुलं वाचून आली होती (निदान अर्धी तरी), आणि सरांनी हातात एक छापील कागद दिला, एका बाजूला 'पुस्तकात आहे', दुसऱ्या बाजूला 'सिनेमात आहे', बरोबरच्या खुणा करत बसा. आता पुस्तकात 42 रात्री (म्हणजे प्रकरणं) आहेत, त्या सगळ्या एका सिनेमात कशा मावणार, साहजिकच दुसऱ्या रकान्यात फुल्याच फुल्या. मुलांनी काय निष्कर्ष काढला, तर 'सिनेमात बरंच गाळलंय, म्हणून पुस्तक भारी'. एवढंच कळायचं होतं तर 1800 कशाला भरायचे? वर दोघंतिघं 'छडी लागे छम छम' कुठल्या रात्रीत आहे ते शोधत बसली होती. ते गाणं अत्र्यांनी 1953 च्या सिनेमासाठी लिहिलं, पुस्तकात नाहीच! बिचारी पानं उलटतायत.

दुसऱ्या रविवारी मात्र एक बाई आल्या आणि त्यांनी तो कागद बाजूलाच ठेवायला लावला. 'थोर अश्रू' मधला आंघोळीचा प्रसंग काढला, ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला धोंड्यावर ओचे पसरायला सांगतो तो. बाईंनी विचारलं ओचे म्हणजे काय, तर बावीस मुलांत एकालाही सांगता येईना, माझी लेकसुद्धा गप्प (मलाही नीट सांगता आलं नसतं खरं तर, आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द, म्हणजे लुगड्याचा पुढचा घोळ). मग क्लिप लावली. पडद्यावर बाईमाणूस आहे, नेसूचं लुगडं आहे, दगड आहे, पोराचे पाय आहेत, शब्द माहीत असायची गरजच नाही. एक मुलगा म्हणाला, मग सिनेमाच सोपा. बाई म्हणाल्या हो, पण ही गोष्ट सांगणारा श्याम आता मोठा झालाय, आश्रमात रात्री प्रार्थनेनंतर मित्रांना सांगतोय, तो मोठा श्याम या पडद्यावर मला दाखव बघू कुठंय. इथे सगळी जरा सरसावून बसली.

तिसऱ्या रविवारसाठी गृहपाठ होता, आणि माझ्या मते त्या एका गृहपाठात सगळे पैसे वसूल झाले. पोहण्याची रात्र वाचायची, म्हणजे श्याम लपून बसतो आणि आई त्याला शोधून शिंपटीने मारत विहिरीवर धाडते ती, आणि सिनेमा न बघता आधी स्वतः लिहून आणायचं की कॅमेरा कुठे ठेवाल. एकीने कॅमेरा विहिरीत ठेवला, खालून वर बघणारा, काठावर उभी माणसं. एकाने नुसती शिंपटी आणि आईचा हात, चेहरा नाहीच. आमच्या लेकीने सगळं आईच्या चेहऱ्यावर ठेवलं कारण 'मारून झाल्यावर रडू तिलाच येणार आहे ना'. यावर अर्धा तास वाद झाला. पुस्तकात तो मार इतक्या वर्षांनी, मोठ्या श्यामच्या आठवणीतून आणि मायेतून आपल्याकडे येतो, पडद्यावर शिंपटी आत्ता बसते, आपल्यासमोर. एक मुलगी म्हणाली मला ही आई आवडली नाही. बाईंनी तिला गप्प नाही केलं, उलट विचारलं, पुस्तक वाचताना आवडली होती का? ती म्हणाली हो. मग असं का, यावर पोरं जी सुटली! वनमालाबाईंची (1953 च्या सिनेमातली आई) क्लिप त्यानंतरच लावली, आणि तेव्हा मुलं कॅमेऱ्याकडे बघत होती, नुसत्या गोष्टीकडे नाही.

2023 मधला सुजय डहाकेंचा सिनेमा शेवटच्या रविवारी कसाबसा उरकला, ते फार खटकलं. तो मुद्दाम कृष्णधवल केलाय, त्यात मोठेपणीचे साने गुरुजी स्वतः दिसतात (ओम भूतकर), म्हणजे 'मोठा श्याम दाखव बघू' या प्रश्नाचं एक उत्तर तिथेच समोर होतं, आणि यांच्याकडे त्यासाठी वीस मिनिटं! 1953 ला कृष्णधवल हाच रिवाज होता, सत्तर वर्षांनी रंग हाताशी असताना कोणी तो काढून टाकतो तेव्हा का, हे विचारायलाच हवं होतं. त्याऐवजी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटोत पाऊण तास गेला.

बाकी बारीकसारीक तक्रारी. हॉलला पडदे नाहीत, अकरानंतर उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही, आणि जुना काळा-पांढरा सिनेमा असेल तर बघायलाच नको. क्लिप मोबाईलवरून यूट्यूबवर लावत होते, ऐन रडायच्या जागी टूथपेस्टची जाहिरात. पंखे ठीक. वडापाव सांगितला होता, मिळाली बिस्किटं.

पुढच्या बॅचला 'शाळा' घेणार आहेत म्हणे, मिलिंद बोकिलांची कादंबरी आणि पुन्हा डहाकेंचाच सिनेमा, नववीच्या पोरांना याहून बरं काय मिळणार. आणीबाणी काय होती ते मुलं घरी आजी-आजोबांना विचारतील तेवढंच बोनस. अकरावी-बारावीसाठी 'सिंहासन' ठेवणार, तिथे तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या मिळून 1979 चा एक सिनेमा झालाय, तेव्हा तो दोन रकान्यांचा कागद कृपा करून आधीच फाडून टाका.

घालायचं असेल तर चौकशी करताना बाई शिकवणार की सर तेवढं विचारून घ्या. पुस्तक स्वतःचं न्या, वाचनालयाच्या प्रतीत पेन्सिल चालवू देत नाहीत. आणि डबा द्या सोबत.